शाल्मला बँकेबद्दल माझे अनुमान

४ ऑगस्ट, सोमवार

पासबुक भरून घ्यायला शाल्मला बँकेत गेलो. दारापासून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत रांग. काल कुणीतरी फोनवर निरोप फिरवला की बँक बुडते आहे. बँकेने एका बिल्डरला दिलेले कर्ज वसूल होत नाही, हे वर्षभर पेपरात येते. बुडण्याची बातमी मात्र नवी.

रांगेत ढकलाढकली चालली होती. शटर अर्धवट उघडे होते. शाखाप्रमुख बाहेर आली. पन्नाशीची, ठेंगणी, इस्त्रीची सुती साडी. तिने शटर स्वतः वर ढकलले. मग टेबल बाहेर आणवले आणि फुटपाथवरच बसली. किती हवेत, कशासाठी हवेत, हे ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या भाषेत विचारत होती. कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी. माझे नाव वाचून मराठीत आली.

"सर, तुम्ही बी काढायला आलासा?"

"नाही. पासबुक भरायचंय."

"पासबुक?" ती उभीच राहिली. रांगेकडे वळून मोठ्याने कन्नडमध्ये काही बोलली. 'पासबुक' एवढे कळले. लोक हसले. तिने मला आत पंख्याखाली, रांगेला दिसेल अशा काचेसमोर खुर्ची दिली. कॉफी मागवली. पासबुक पाच मिनिटांत भरून झाले, तरी अकरापर्यंत बसवून ठेवले. का, ते कळले नाही. कॉफी चांगली होती.

एकतीस वर्षे सरकारी कारखान्याच्या चाचणी विभागात मी विमानाचे सुटे भाग ताणून पाहिले. कुठला तुकडा किती भाराला तुटतो, हे माझे काम. आज ते काम पुन्हा केल्यासारखे वाटले.

६ ऑगस्ट, बुधवार

पुन्हा गेलो. रांग निम्मी. टेबल अजून बाहेर. तिचे नाव महानंदा. निपाणीकडची. घरी मराठी, शाळा सगळी कन्नड. मला पाहून म्हणाली, "आज काय भरायचं, सर?" मी म्हटले, चेकबुक हवे. खरे तर घरी दोन कोरी आहेत. तिने लगेच खुर्ची मागवली, परवाचीच, काचेसमोर.

निघताना बायकोने, अलकाने विचारले होते, "आज पण बँक? दाढी करून?"

दाढी मी रोजच करतो, असे म्हणालो. निवृत्तीनंतर दोन वर्षांत तसे राहिलेले नाही, हे इथे लिहायला हरकत नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

मकरंद कारखान्यातला जुना सहकारी. मुलीकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो आणि दिवसभर शेअर बघतो. मधोमध, इथल्या शिवाजीनगरच्या हॉटेलात भेटलो. शाल्मलाचा शेअर एके काळी एकशे वीस होता, आता अकरा रुपये. "पडलेलं घर आहे," मकरंद म्हणाला, "पण जागा मोक्याची. साडेपाचशे शाखा. कुणीतरी मोठी बँक उचलणार. उचलली की दुप्पट."

"आणि नाही उचलली तर?"

"मग आपण इडली खाल्ली असं समजायचं."

मी त्याला टेबलाची गोष्ट सांगितली. त्याला त्यात काही विशेष वाटले नाही. कर्जे, भांडवल, बुडीत टक्केवारी हे त्याला दिसते. साडेपाचशे शाखांत अशी शंभर माणसे असतील तर ती बँक घ्यायला कुणीही येईल, हे दिसत नाही. भार आल्यावर जो भाग वाकत नाही, तो बदलत नसतात; बाकीचे यंत्र त्याच्याभोवती पुन्हा उभारतात.

बचत खात्यातले दोन लाख घातले. अकराच्या भावाने. घरी सांगितले नाही. भाव वाढल्यावर सांगेन.

२० ऑगस्ट, बुधवार

आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. अलकाचा उजवा गुडघा आता पायरीगणिक वाजतो. आज ती भाजी घेऊन दुसऱ्या मजल्यावर थांबली. वर आली तेव्हा मी विचारले, किती वेळ थांबलीस? म्हणाली, शेजारणीशी बोलत होते. शेजारीण गावाला गेली आहे.

मागच्या गल्लीत कृष्णाजी राव त्यांचे तळमजल्याचे घर विकत आहेत. आमचे विकून वर छत्तीस लाख हवेत. शाल्मलात दोघांच्या नावे बारा-बारा लाखांच्या दोन ठेवी आहेत. बारा कमी पडतात. कृष्णाजी म्हणाले, दिवाळीपर्यंत थांबतो, तुमच्या मिसेससाठी. अलका काल त्या घराच्या अंगणात उभी राहून तुळस कुठे ठेवायची ते बघत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "बघते नुसतं. बघायला काय जातंय."

एक ठेव दुप्पट झाली तर छत्तीस होतात.

८ सप्टेंबर, सोमवार

भाव चौदा. पेपरात बातमी, शाल्मलाला भागीदार शोधण्याची बोलणी सुरू. मुंबईची एक बँक, सिंगापूरचे कुणीतरी.

अकरा वाजता शाखेत गेलो. गर्दी नव्हती. महानंदाबाई एका फुलवालीला नवा पिन नंबर पाठ करून देत होत्या, मुलांच्या जन्मतारखांनी. पिनच्या आकड्यांपेक्षा फुलवालीला एक मुलगा जास्त होता आणि त्यावर दोघी हसत होत्या. मी थांबलो. मग सरळ विचारले, "मॅडम, विलीनीकरणाचं काय ऐकताय?"

"सर, मला ठावं असतं तरी सांगितलं नसतं. नोकरी हाय माझी."

"तुमचं स्वतःचं मत?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिले. आवाज खाली आणला. "मला अनुमान हाय ओ. आणि शेअरवाल्यांचं म्हणाल तर लईच अनुमान." मान हलवली. डाव्या-उजव्या बाजूला, दोनदा. "तुम्ही ठेव ऱ्हाऊ द्या म्हणजे झालं. दुड्डु एल्लू होगल्ला." पैसा कुठे जात नाही, एवढे कन्नड मला येते.

रस्त्यावर आल्यावर सगळे जुळले. बाईंनी नियम मोडला नाही, आणि सांगायचे ते एका शब्दात सांगितले. अनुमान. अंदाज नव्हे, आशा नव्हे. पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष. आमच्या अहवालांत आम्ही हाच शब्द वापरायचो. शेअरवाल्यांचं लईच. मान हलवली ती आजूबाजूच्यांसाठी असावी. ठेवीचे बोलल्या ते शाखाप्रमुख म्हणून. ते त्यांना बोलावेच लागते.

अशी माणसे कमी होत चालली आहेत.

९ सप्टेंबर, मंगळवार

ठेव मोडायला गेलो. महानंदाबाई म्हणाल्या, "सिस्टीम स्लो हाय, उद्या या." मी शेजारच्या खिडकीकडे पाहिले, तिथे काम चालले होते. मग म्हणाल्या, दोघांची ठेव आहे, मॅडमची सही हवी. फॉर्म घरी घेऊन आलो.

अलका मटार सोलत होती. मी म्हटले, बँकेचा फॉर्म आहे, इथे सही कर. तिने हात पुसले, चष्मा शोधून आणला, लावला. फॉर्म बराच वेळ हातात धरला. मग सही केली. काहीच विचारले नाही. इतका विश्वास. मला स्वतःची थोडी लाज वाटली. कामाची घाई होती म्हणून फार वाटू दिली नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

"कशाला मोडतासा ओ, सर?" महानंदाबाईंनी फॉर्म पुढे घेतलाच नाही. "व्याज जातंय. मुदत मार्चपर्यंतच हाय."

"घर घ्यायचंय. तळमजल्यावर. हिच्या गुडघ्यासाठी."

त्यांचा चेहरा बदलला. "मग घ्या. घराला न्हाई म्हणू नये." स्वतः उठून शिक्का मारून आणला. "मॅडमना म्हणावं, वास्तूला बोलवा."

खोटे बोललो नाही. पूर्ण खरेही नाही.

दुपारी बारा लाखांचे शेअर घेतले. चौदाच्या भावाने. बटण दाबताना अंगठा ओला झाला होता, दोनदा दाबावे लागले. हिशेब साधा आहे. आधीचे धरून तेवीसला चोवीस लाख होतात, तेव्हा विकायचे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

एकवीस!

मकरंदने फोन केला. तो आज निघाला, सगळे विकून. "तू पण नीघ रे. बातमी जुनी झाली." मी म्हटले, माझ्याकडे बातमी नाही, त्याहून पक्के काही आहे. तो म्हणाला, "म्हणजे काय, बाई?" मी फोन ठेवला.

शेअरचा भाव बघायला दिवसाला शंभरदा फोन उघडतो. हे बरे लक्षण नाही. काल रात्री अलका म्हणाली, "काही सांगायचंय का तुम्हाला?" मी म्हटले, दिवाळीला. ती म्हणाली, "बरं. दिवाळीला."

११ ऑक्टोबर, शनिवार

आजचे नीट लिहून ठेवतो.

खाली नागराज अण्णाचे किराणा दुकान आहे. तो तूरडाळ मोजायच्या आधी पिशवीत ओतत होता. वजनाचा अंदाज हा माझा जुना छंद. हातात घेतलेल्या वस्तूचे वजन मी सहसा वीस ग्रॅमच्या फरकात सांगतो. पिशवी उचलली आणि कन्नडचा सराव म्हणून म्हणालो, "ननगे अनुमान इदे, इदु ओंदु किलो." माझे अनुमान आहे, ही एक किलो.

नागराज अण्णाचा हात थांबला. चेहरा लाल. त्याने पिशवी काट्यावर आपटली. एक किलो चार ग्रॅम. काटा माझ्याकडे फिरवला. मग उलटा करून तळाचा सरकारी शिक्का दाखवला. बावीस वर्षांचे दुकान, असे काही तरी बोलत होता. दोन गिऱ्हाइके मागे सरली. मी म्हणत राहिलो, "सरी, सरी, अनुमान सरी!" म्हणजे बरोबर, माझे अनुमान बरोबर. त्यावर तो आणखी भडकला.

मागे चौथ्या मजल्यावरची अंजली उभी होती. धारवाडची, कॉलेजात शिकवते. ती हसू दाबत पुढे आली. "काका, काय म्हणायचं होतं तुम्हाला?"

सांगितले.

"काका, कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय. डाउट. तुम्ही अण्णाला म्हणालात, मला शंका आहे, हे एक किलो आहे का."

अण्णाला तिने समजावले. तो इतका हसला की त्याने मूठभर डाळ वर घातली. अंजली हसली. मीही हसलो असेन.

वर आलो. पायऱ्या चढताना ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिले. मला अनुमान हाय ओ. शेअरवाल्यांचं तर लईच अनुमान. तिची शाळा सगळी कन्नड.

मान डाव्या-उजव्या बाजूला हलवली होती. दोनदा.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सव्वानऊला बाजार उघडला. भाव वीस. विकायचे ठरवून बसलो होतो. दहा वाजता वीस चाळीस. थोडे थांबू, असे वाटले. दुपारी वीस ऐंशी. तेवीसला तळमजला. उद्या विकू.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी सातला बातमी. रिझर्व्ह बँकेने शाल्मलावर निर्बंध घातले. महिन्याला खात्यामागे पंचवीस हजारांवर काढता येणार नाहीत. संचालक मंडळ बरखास्त.

शब्दाचा अर्थ चुकला ही चूक समजण्यासारखी आहे. अर्थ समजल्यावर दोन दिवस थांबलो. त्याला कुठल्याच भाषेत दुसरा अर्थ नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सगळे विकायला लावले. दिवसात जास्तीत जास्त जेवढा पडू शकतो तेवढा भाव पहिल्या मिनिटात पडला आणि तिथेच थांबला. विकायला चार कोटी शेअर, घेणारा एकही नाही. आकड्यांसमोर आकडे असतात तिथे शून्य होते.

शाखेत गेलो. टेबल बाहेर नव्हते; आज ते पुरले नसते. महानंदाबाई दारातल्या पायरीवर उभ्या. सकाळी आठपासून, शिपायाने सांगितले. कुणी त्यांच्या अंगावर चप्पल फेकली होती. ती त्यांनी उचलून त्याच्या पायाशी ठेवली आणि म्हणाल्या (हे कन्नड मला कळले), "घाला, डांबर तापलंय." मुलीचे लग्न, डायलिसिस, कॉलेजची फी अशी कारणे वहीत उतरवून घेत होत्या. खास गरजेला जास्त पैसे मिळण्याचा अर्ज असतो, तो प्रत्येकाचा स्वतः भरत होत्या. मी पाच वाजेपर्यंत थांबलो. त्या बसल्या नाहीत. जेवल्या नाहीत. आवाज दुपारी गेला, मग खुणांनी चालू ठेवले.

मी माणूस ओळखण्यात चुकलो नव्हतो. त्या माणसावरून काय विकत घ्यायचे, यात चुकलो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी योजना जाहीर झाली. मुंबईची मोठी बँक शाल्मलाला सामावून घेणार! सगळ्या शाखा, सगळे कर्मचारी, सगळ्या ठेवी, पैन् पै. मी टाळी वाजवली. स्वयंपाकघरातून अलकाने काय झाले विचारले. मी म्हटले, थांब.

चौथ्या पानावर सहावे कलम. शाल्मला बँकेचे संपूर्ण भागभांडवल रद्द समजले जाईल.

म्हणजे शेअरची किंमत शून्य. तीनदा वाचले. इंग्रजीत होते, आणि इंग्रजी मला चांगले येते.

ज्यांनी रांगेत उभे राहून पैसे काढले त्यांचे वाचले. ज्यांनी काढले नाहीत त्यांचेही वाचले. महानंदाबाईंचे ऐकले असते तर माझेही वाचले असते. तेवढे एक वाक्य त्यांनी सरळ मराठीत सांगितले होते. ठेव राहू द्या.

१८ ऑक्टोबर, शनिवार

शाखेत जाऊन त्यांना सगळे सांगितले. घरासाठी म्हणालो ते, शेअर, अनुमान. त्यांनी पेन खाली ठेवले.

"अय्यो, सर. मी न्हाई न्हाई म्हणून सांगूलाल्ते, आणि तुम्ही…" पाणी प्यायल्या. मला वाटले हसतील. हसल्या नाहीत. "माझ्या तोंडचा शब्द. माझीच चूक म्हणायची."

मी म्हटले, तुमची कशी?

"दोन भाषांत जेवतो न्हवं आम्ही. कुठला घास कुठल्या ताटातला, ध्यान ऱ्हात न्हाई."

मग विचारले, तुमचे होते का शेअर? कर्मचाऱ्यांना मिळायचे असे ऐकून होतो. त्या म्हणाल्या, सव्वीस वर्षांचे. प्रत्येक बढतीला घेतलेले. ऑगस्टमध्ये विकता आले असते का? आले असते. "पण सर, माणसांना बाहेर सांगायचं बँक भक्कम हाय, आणि आत बसून आपलं विकायचं? ते जमलं न्हाई ओ." मग रांगेकडे बघून म्हणाल्या, "ह्यांचं गेलं न्हाई. ते बघा."

एवढ्यात कुणी हाक मारली आणि त्या उठून गेल्या.

संध्याकाळी अलकाला सांगितले. दिवाळीच्या दोन दिवस आधी. सगळे, आकड्यांसह. ती चकल्या तळत होती. गॅस बंद केला.

"फॉर्म मी वाचला होता," ती म्हणाली. "ठेव मोडायचा फॉर्म आहे हे मला कळत नाही का?"

"मग सही का केलीस?"

"दोन वर्षं तुम्ही घरात त्या खुर्चीत बसून होता. ऑगस्टपासून सकाळी उठून दाढी करून बाहेर पडायला लागलात. वाटलं, असेल काहीतरी. बाई असेल, बँक असेल. माणूस चालतोय ना." तिने झारा ठेवला. "बारा लाखांना पडेल असं नव्हतं वाटलं."

"चौदा," मी म्हणालो. "दोन बचतीतले."

तिने माझ्याकडे पाहिले. मग गॅस पुन्हा लावला. चकल्या बिघडल्या नव्हत्या.

२९ ऑक्टोबर, बुधवार

कृष्णाजी रावांना कळवले. ते म्हणाले, हरकत नाही. घर एका कन्नड कुटुंबाला दिले. अलका स्वतः जाऊन त्यांना शुभेच्छा देऊन आली. येताना दुसऱ्या मजल्यावर थांबली. मी वर दारात उभा होतो. खाली गेलो आणि पिशवी घेतली. तिने दिली. बाकी काही नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शाखेवर मुंबईच्या बँकेची नवी पाटी. निर्बंध उठले. उरलेली ठेव नव्या बँकेच्या नावे बदलायची होती. अलका म्हणाली, मी येते. तिन्ही मजले उतरून, रिक्षाने. ती या शाखेत पहिल्यांदाच येत होती.

महानंदाबाईंनी उठून तिला खुर्ची दिली. दोघी कन्नड बोलायला लागल्या. अलकाचे कन्नड इतके चांगले आहे हे मला माहीत नव्हते. तीस वर्षे भाजी, शेजार, दवाखाना तिनेच पाहिला, त्यात झाले असावे. मधे माझे नाव आले. महानंदाबाई हसल्या, अलकाही. मला दोन शब्द कळले, गुडघा आणि पासबुक. मग महानंदाबाईंनी कागदावर एका डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला, शस्त्रक्रियेच्या खर्चाचा अंदाज लिहिला, आणि ठेवीतले किती मोडावे, किती ठेवावे, ते दोन ओळींत मांडून दाखवले. अलकाने मान डोलावली. मला कुणी विचारले नाही. विचारायचे कारणही नव्हते. दोन जाणती माणसे काम करत होती, आणि ते बघायला बरे वाटत होते.

फॉर्म पुढे आला.

"दोघांच्या नावे, मॅडम?"

"नाही. माझ्या एकटीच्या."

महानंदाबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही, हे मी नोंदवतो. लिहिले. "नॉमिनी?"

अलका माझ्याकडे वळली. मग मराठीत म्हणाली, म्हणजे मला कळावे म्हणून:

"यांचंच नाव घाला. मी गेल्यावर मिळू दे. तोवर नको."